अण्णांच्या फाइली उघडताना

अगं, फाइली बिघडल्या आहेत हे आधी मनातून काढून टाक. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. अण्णांनी गावाच्या इतिहासाची एवढी प्रकरणं लिहिली, आणि आज उघडावं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची नुसती गर्दी. कुणालाही धस्स होईल. पण मी इतकी वर्षं पुस्तकांची अक्षरजुळणी करतेय, म्हणून खात्रीनं सांगते, मजकूर आत शाबूत आहे. तो आता घाईघाईत आपल्याच हातून जायला नको, एवढं सांभाळायचं.

हे असं का झालं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अण्णा हातानं लिहिलेले कागद घेऊन तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जायचे आणि तो ते श्रीलिपीत टाइप करायचा. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आपापली वेगळी जागा देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली होती, देवनागरीही तिच्यात होती. पण छपाईच्या धंद्यात तेव्हा पेजमेकरवाचून पान हलत नसे, आणि पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची, तीसुद्धा तशीच. मग आपल्याकडच्या लोकांनी मोठी हुशारी केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, शिवाय आकृती, शिवाजी, या सगळ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा त, काना, वेलांटी, रफार, सगळं सुटं. संगणकाच्या लेखी इंग्रजी टाइप होत असे आणि कागदावर देखणं मराठी उमटत असे. आपले कितीतरी दिवाळी अंक, पुस्तकं, लग्नपत्रिका याच युक्तीवर निघाल्या, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही. तिची अट एवढीच की तो फॉन्ट त्या संगणकावर असायला हवा. तुझ्या लॅपटॉपवर तो नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. शिवाय प्रत्येक कंपनीनं तुकडे आपापल्या सोयीनं बसवलेले. त्यामुळे श्रीलिपीतल्या मजकुराला शिवाजी फॉन्ट लावलास तर मराठी दिसेल, पण अर्थ लागणार नाही.

अण्णांच्या सीडीवर ज्या बाकीच्या फाइली आहेत, त्या सगळ्यांचं दुखणं एकच असेल असं मात्र धरून चालू नकोस. नुसते चौकोन दिसत असतील तर फॉन्ट सापडत नाही एवढंच, मजकूर बहुधा ठीक असतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए पुन्हापुन्हा दिसत असेल, तर ते मुळात युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचलं जातंय. फाइल उघडताना एन्कोडिंग विचारलं की यूटीएफ-८ निवड, मराठी समोर येईल. आणि ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर ती फाइल गेली असं समज. जुन्या नोटपॅडमध्ये कुणीतरी युनिकोड मराठी चिकटवून, समोर आलेला इशारा न वाचता ती एएनएसआय म्हणून सेव्ह केली, की प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह साठवलं जातं. तिथून परत फिरता येत नाही, दुसरी प्रत शोधावी लागते. म्हणून म्हणते, काहीही सेव्ह करण्याआधी मूळ फाइलींची प्रत करून ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि त्या फोल्डरला पुन्हा हात लावू नकोस.

आता एक गोष्ट अगदी बजावून सांगते. सगळं सिलेक्ट करून वरून मंगल किंवा दुसरा कुठला नवा फॉन्ट लावायचा मोह होईल, तो आवर. फॉन्टच्या खिडकीत जे नाव दिसतं, श्री-देव-०७१४ किंवा तसलं काही, तेच आपल्याला हवं आहे. फॉन्ट संगणकावर नसला तरी वर्ड त्याचं नाव जपून ठेवतं. कुठल्या बसवणुकीत टाइप केलंय हे त्या नावावरूनच कळतं. अण्णांनी मध्येमध्ये इंग्रजी शब्द घातलेत ना, गॅझेटिअरचे उल्लेख वगैरे, ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हेही फॉन्टच्या बदलावरूनच कळणार. तू सरसकट एकच फॉन्ट लावलास की ही सीमारेषा पुसली गेली.

जमलं तर तो जुना फॉन्ट मिळव. ज्यानं टाइप केलं त्याच्याकडे किंवा श्रीलिपी वापरणाऱ्या एखाद्या छापखान्यात चौकशी कर, अजून पुष्कळांकडे ती रीतसर घेतलेली आहे. त्या संगणकावर फाइल उघडली की मराठी जसंच्या तसं दिसेल. लगेच तिची पीडीएफ काढून घे. पुढे रूपांतर ताडून पाहायला ही पीडीएफ म्हणजे आपली मूळ प्रत. तिचा आधार नसेल तर रूपांतरात काय बिघडलं ते तुला ओळखूच येणार नाही.

मग रूपांतर. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आहे, तोच छापखानावाला ते करूनही देईल. इंटरनेटवर मजकूर चिकटवायच्या खिडक्या आहेत, त्यांचं मला दोन कारणांनी बरं वाटत नाही. एक तर अण्णांचं अप्रकाशित लेखन परक्या ठिकाणी जातं. दुसरं म्हणजे तिथून परत येतो तो सपाट मजकूर. ठळक अक्षरं, तक्ते, तळटीपा सगळं गळून पडतं, आणि इंग्रजी शब्दांचंही मराठी करून ठेवतात. त्यापेक्षा वर्डच्या आतच काम करणारं, फॉन्टचं नाव पाहून तेवढाच भाग बदलणारं साधन घ्यावं. एसआयएल या संस्थेचे कन्व्हर्टर तसे आहेत, विनामूल्य आहेत, फक्त तुमच्या फॉन्टचा तक्ता त्यांना द्यावा लागतो. कुठलंही साधन घेतलंस तरी तळटीपा, पानाच्या माथ्यावरचा मजकूर आणि चौकटीतला मजकूर वेगळा तपास. पुष्कळ साधनं तिथे पोचतच नाहीत.

खरं काम यापुढे आहे, आणि तिथे कंटाळा करू नकोस. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होत असे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. जुन्या पद्धतीत तो अक्षर झाल्यावर यायचा, युनिकोडमध्ये आधी येतो. म्हणजे रूपांतर करणाऱ्याला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांचा क्रम फिरवावा लागतो. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकाच अक्षरावर आली की बहुतेक साधनं अडखळतात. म्हणून ‘आर्थिक’, ‘धार्मिक’, ‘वार्षिक’ असे शब्द आधी शोधून बघ. मग ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’. हिंदीसाठी बनवलेल्या साधनांना हा आपला र ठाऊकच नसतो, ती सरळ ‘दुसर्या’ करून मोकळी होतात. अण्णांच्या लेखनात दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांचे आणि सावकारांचे व्यवहार पानोपानी आहेत, तेव्हा ही तपासणी टाळून चालणारच नाही. मग ‘स्थिती’, ‘द्वितीय’ यांसारखी जोडाक्षरावरची वेलांटी बघ. कुठे सुट्या मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर तिथे क्रम चुकलाय हे नक्की.

याहून फसवी एक चूक असते, ती डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या पद्धतीत ‘आ’ हा ‘अ’ला काना जोडून, ‘ओ’ हा ‘अ’ला काना-मात्रा जोडून टाइप करत. काही साधनं ते तुकडे तसेच युनिकोडमध्ये आणतात. पडद्यावर बरेचदा ठीक दिसतं, पण ‘ओढा’ शोधायला गेलीस तर संगणक म्हणतो, सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात आणि पुष्कळ साधनांत ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं. ‘शोधा आणि बदला’ वापरून हे सगळं एकदाच एकसारखं करून टाक. पुढे सूची करायची झाली तर याचा फार उपयोग होईल.

आकड्यांकडे विशेष लक्ष दे, बरं का. इंग्रजी आकड्यांच्याच जागी मराठी आकडे बसवलेले असायचे, त्यामुळे साल आणि जमिनीचे गट नंबर कधी इंग्रजी आकड्यांत उतरतात, कधी मराठीत. मराठी-इंग्रजी मिसळ चालेल एकवेळ, पण आकडा बदललेला चालणार नाही. इतिहासाच्या पुस्तकात चुकलेलं साल कुणी दुरुस्त करत नाही, पुढचे लोक तेच उचलतात.

एखादं प्रकरण नुसतं पीडीएफमध्ये मिळालं तर त्यातून मराठी कॉपी करून पाहा, पण फार आशा ठेवू नकोस. पीडीएफ अक्षरांचे आकार कुठे ठेवायचे ते सांभाळते, मजकुराचा क्रम तिच्या दृष्टीनं दुय्यम. म्हणून युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधूनही वेलांट्या इकडच्या तिकडे होऊन येतात. अशा वेळी पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडणं बरं. स्वच्छ छापलेलं मराठी ते चांगलं ओळखतं. फक्त पेजमेकरचीच फाइल हाती आली तर इनडिझाइनची सीएस६ पर्यंतची आवृत्ती असलेला छापखाना गाठ. लिब्रेऑफिसचं ड्रॉही तिच्यातला मजकूर बाहेर काढायचा प्रयत्न करतं, मांडणी मात्र विस्कटते.

मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की निम्मी काळजी मिटली. कुठल्याही संगणकावर, फोनवरसुद्धा तो वाचता येईल, फॉन्ट वेगळा दिसेल इतकंच. ठेवायचं रूप म्हणशील तर डॉकएक्स ठेव. ते वर्ड २००७ बरोबर आलं, आणि आता आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्ड, लिब्रेऑफिस, गूगल डॉक्स, मॅकवरचं पेजेस, सगळे ते उघडतात. मॅकवाल्या भाच्याला मात्र सांग की पेजेसची स्वतःची फाइल पाठवू नकोस, वर्डमध्ये एक्स्पोर्ट करून दे. डॉकएक्सबरोबर नुसत्या मजकुराचीही एक प्रत यूटीएफ-८ मध्ये ठेव. तिच्यात सजावट नाही, म्हणून बिघडण्यासारखंही काही नाही.

वर्डमध्ये काम करताना एक अडचण येऊ शकते. मराठी मजकूर सिलेक्ट करून तू वरून फॉन्ट किंवा आकार बदलशील आणि काहीच हलणार नाही. वर्ड देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा लक्षात ठेवतं. कंट्रोल आणि डी दाबलंस की ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाचा कप्पा दिसेल, तिथे बदल. फॉन्ट मुक्ता घे, किंवा मुंबई आयआयटीची शोभिका. दोन्ही मोफत आणि खुले, म्हणजे छापखान्यालाही निर्धास्त देता येतील. प्रकरणाचं नाव मधोमध आणायला स्पेसबार दाबत बसू नकोस आणि नवं पान आणायला एंटर मारत राहू नकोस. शीर्षकाला हेडिंगची शैली लाव, नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर दाब. एका संगणकावरून दुसऱ्यावर गेल्यावर पानं हलतात ती बहुतेक या रिकाम्या जागांमुळे.

हे सगळं मी एवढ्या तपशिलात सांगतेय त्याला कारण आहे. अण्णा अजून वाचू शकतात. त्यांच्या लेखनातली शेतांची, ओढ्यांची, वाड्यांची नावं कुठल्याच शब्दकोशात नाहीत. वर्ड त्यांच्याखाली लाल रेघ मारेल आणि एखादा मुद्रितशोधक चांगल्या हेतूनं ती ‘शुद्ध’ करून टाकेल. नाव बरोबर आहे की वेलांटी उडाली, हे फक्त अण्णाच सांगू शकतात. म्हणून सगळं पुरं व्हायची वाट पाहू नकोस. एक प्रकरण झालं की सोळा आकारात, ओळींत भरपूर जागा सोडून छाप आणि त्यांच्या हातात दे, सोबत पेन्सिल. पडद्यावर वाचायला लावू नकोस, डोळे थकतात आणि चुका निसटतात. सुरुवात जमिनी आणि वहिवाटांच्या प्रकरणापासून कर, सगळ्यात जास्त नावं तिथेच आहेत.

तुझ्या लॅपटॉपला सीडी घालायची सोय नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह आहे, तो घेऊन मी शनिवारी येते. तोवर सीडी उन्हात किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नकोस, आणि त्या डीटीपीवाल्याचं दुकान अजून आहे का तेवढं अण्णांना विचारून ठेव.