लिहिण्याचा तास बाळाकडे मागू नका

बाळाच्या आईबाबांनो,

तुमच्यापैकी कुणी कथा लिहितं, कुणी कविता, कुणाची कादंबरी तिसऱ्या प्रकरणाशी येऊन अडली आहे. घरात बाळ आलंय. सगळे आनंदात आहेत, तुम्हीही आहात. तरी रात्री त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना मनात येतं, माझं लिहिणं आता संपलं का? आणि असं मनात आलं म्हणून लगेच अपराधी वाटतं. एवढं गोजिरं लेकरू कुशीत असताना हा विचार सुचतोच कसा, असं स्वतःलाच टोचत राहता.

दोन मुलं वाढवता वाढवता मी लिहीत आले आहे. त्या अधिकाराने सांगते, की लिहावंसं वाटल्याने बाळावरची माया तसूभरही उणी होत नाही. मनातल्या या ओढीची लाज बाळगू नका. ती एकमेकांशी मोकळेपणी बोला. कारण पुढचं सगळं त्या बोलण्यावरच अवलंबून आहे.

दिवस राहिले की बहुतेक लिहिणारे मनात एक हिशेब मांडतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, असं डॉक्टर सांगतात. नोकरी करणाऱ्या आईला, कायदा लागू असलेल्या ठिकाणी, 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. म्हणजे सहा महिने घरी, बाळ बराच वेळ झोपलेलं, कादंबरी हातावेगळी होईल! कागदावर हिशेब बरोबर वाटतो. पण बाळाची झोप तुकड्यातुकड्यांची असते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा त्याला पाजावं लागतं. पाजणं, ढेकर काढणं, दुपटं बदलणं, पुन्हा झोपवणं यात अर्धा तास धरला, तरी चार ते सहा तास तिथेच गेले, आणि त्यातले काही ऐन मध्यरात्रीचे. उरलेल्या वेळात आईचं शरीर भरून यायचं असतं. ती रजा त्यासाठीच आहे.

म्हणून पहिला सव्वा महिना लिहिण्याचं नावही काढू नका. शेकशेगडी, मालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सगळं घ्या, आणि मिळेल तेव्हा झोपा. या दिवसांत एक ओळही लिहून झाली नाही तरी काहीही बुडत नाही. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि माझं सगळं सांगणं त्याबद्दल आहे.

बाळ झोपलं की लिहीन, असं ठरवलंत तर लिहिणं बाळाच्या झोपेवर टांगलेलं राहतं. ते दहा मिनिटांत उठलं की मनातल्या मनात त्याचा राग येतो, मग रागाचं वाईट वाटतं. बाळाकडे द्यायला वेळ नसतोच. वेळ असतो तो घरातल्या मोठ्या माणसांकडे, आणि तो त्यांच्याकडेच मागायला हवा, स्पष्ट शब्दांत, वार आणि तास ठरवून.

आमच्या इमारतीत एक जोडपं आहे. ती कथा लिहिते, तो बँकेत आहे. बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा त्यांनी ठरवलं, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एक तास आणि रविवारी सकाळी दोन तास तिचे. तेवढा वेळ बाळ त्याच्याकडे. पहिल्या मंगळवारी मी त्यांच्याकडे होते. ती आतल्या खोलीत दार लावून बसली. थोड्याच वेळात बाहेर बाळाने सूर लावला. ती दार उघडून आली, त्याने नुसतीच मान हलवली, ती परत गेली. पुन्हा आली. या वेळी हात पुढे करून आली. त्याने बाळ दिलं नाही. "आत्ताच तर पाजलंयस. भूक नाहीये त्याला. मी बघतो," एवढं म्हणून तो बाळाला उभं धरून गॅलरीत गेला आणि खालच्या रिक्षा दाखवत राहिला. बाळ आणखी थोडा वेळ रडलं आणि मग रिक्षा बघू लागलं. त्या दिवशी तिचं लिहून काहीच झालं नाही. पण बाळाला शांत करणारे हात घरात आणखी दोन आहेत, हे तिघांनाही कळलं. पुढच्या आठवड्यापासून ती चौकातल्या वाचनालयात जाऊन बसू लागली. रडणं कानावर पडलं की पान्हा फुटतो, आणि मग कथेत चित्त राहत नाही, हे ती अनुभवाने शिकली होती. शनिवारची सकाळ त्याची असते. तो तबला शिकतो, आणि त्या वेळात त्याला कुणी हाक मारत नाही.

दुसऱ्या कुणी हात दिल्याशिवाय लिहिणं पोहोचत नाही, याचं फार मोठं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. बहिणाबाई चौधरी 1880 साली खानदेशात असोद्याला जन्मल्या, जळगावला नांदल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं, पदरात मुलं, शेतात राबणं. जात्यावर, चुलीपाशी, शेताच्या बांधावर त्या गाणी रचत गेल्या. ती कागदावर उतरवली मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. घरात टिपून घेणारं कुणी नसतं तर मराठीला बहिणाबाई मिळाल्याच नसत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या कितीतरी बायका लेकुरवाळ्या होत्या. ज्यांच्या ओव्या कुणी टिपल्या नाहीत, त्यांची तर गणतीच नाही. प्रतिभा होती, पण घराने ती काम म्हणून कधी धरलीच नाही. तुमच्या घरात असं होऊ देऊ नका.

एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना हे वाचून वाटेल, आम्ही कुणाकडे मागायचं? कवयित्री इंदिरा संतांचे पती ना. मा. संत 1946 मध्ये गेले. मुलं लहान होती. बेळगावला शिकवण्याची नोकरी करत त्यांनी घर चालवलं, आणि 1951 मध्ये 'शेला', 1955 मध्ये 'मेंदी', 1957 मध्ये 'मृगजळ' असे संग्रह मराठीला दिले. अमेरिकेत टोनी मॉरिसन घटस्फोटानंतर दोन मुलग्यांना वाढवत होत्या, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी करत होत्या, आणि मुलं उठण्याआधी पहाटे लिहीत होत्या. त्यांची पहिली कादंबरी 1970 मध्ये आली, तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. 1993 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या बायकांचं कौतुक जरूर करा, पण त्यांच्या कष्टांचा दाखला देऊन एखाद्या थकलेल्या आईला "बघ, त्यांना जमलं" असं कुणी ऐकवू नये. त्यांना कुणी हात दिला असता तर तो हवाच होता. तुम्ही एकट्या असाल तर बहीण, मैत्रीण, शेजारच्या काकू यांच्याकडे आठवड्याचा एक तास मागा. कथेसाठी हवाय, असं खरं कारण सांगून मागा. दवाखान्याचं निमित्त काढू नका. खरं कारण एकदा सांगितलं की पुढच्या वेळी मागणं सोपं जातं.

आता मिळालेल्या तासाचं काय करायचं ते सांगते. रोज दुधात घालायला चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवतो, तसं उठताना पुढच्या वेळचं थोडं लिहून ठेवा. पात्र दारात उभं आहे, आता आत जाऊन काय बोलणार, एवढं दोन ओळींत टिपा आणि मगच वही मिटा. पुढच्या खेपेला सुरुवात शोधण्यात वेळ जात नाही. एका वेळी एकच काम हाती धरा. कादंबरी झेपत नसेल तर कथा, कथा झेपत नसेल तर दीडदोन पानांचा ललित लेख. हात कामात असताना काही सुचलं तर फोनवर मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. आणि पाजताना वाचता येतं. वाचणंही लिहिण्यातच धरा.

बाळाबद्दलही टिपून ठेवा. पहिलं हुंकारणं, सहाव्या-सातव्या महिन्यातलं "बाबाबा, दादादा", माणसाला भाषा फुटताना इतक्या जवळून पाहायला दुसरीकडे कुठे मिळणार? मात्र ही टिपणं छापायची घाई नको. त्यातला निम्मा हक्क बाळाचा आहे, आणि ते अजून हो किंवा नाही म्हणू शकत नाही.

मग येतो दिवाळी अंक. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपलं लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. ऐन पावसाळ्यात संपादकांचा फोन येतो, आणि बाळ जेमतेम तीन महिन्यांचं असतं. हो म्हणायच्या आधी घरात विचारा, की मला इतके तास लागतील, कोण देणार? उत्तर मिळालं तर हो म्हणा. नाही मिळालं तर संपादकांना सरळ सांगा, घरात तान्हं आहे, यंदा एक कविता देते, पुढच्या वर्षी कथा देईन. समजून घेणारे संपादक पुष्कळ आहेत. एका दिवाळीला नाव छापून आलं नाही म्हणून वाचक विसरत नाहीत.

लिहिणाऱ्या बाबांना एक वेगळं सांगायचंय. तुमच्यासाठी दार लावून बसायची सोय घरात न मागता होते. "ते लिहितायत" म्हटलं की सगळे आवाज खाली येतात. बायको लिहिणारी असो वा नसो, तिलाही स्वतःचा असा वेळ हवा असतो. तुम्ही जेवढे तास घ्याल तेवढे तिला द्या, आणि त्या वेळात बाळाचं सगळं करा, शी-शूसकट. आजी-आजोबा, तुम्हालाही विनंती आहे. सून लिहायला बसली आणि बाळ तुमच्याजवळ असलं तर "आई झालीस, आता कसलं लिहिणं" हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. तिचा तो तास मोडायला तेवढं पुरतं.

आणि एक नीट ऐका. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर 'लिहायला मिळत नाही म्हणून होतंय' असं समजून गप्प बसू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच क्षणी घरातल्यांना सांगा आणि दवाखाना गाठा. लिहिणं नंतरही होईल.

बाळ मोठं होईल, शाळेत जाईल, तेव्हा निवांत लिहू, असंही काहीजण म्हणतात. तेव्हा शाळेचा डबा असतो, अभ्यास असतो, घरातल्या वडीलधाऱ्यांची दुखणी असतात. निवांतपणा आपणहून येत नाही. आठवड्यातला एक ठरलेला तास आत्ता मिळवलात, तर लिहिणं हे या घरातलं एक काम आहे, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडतं. मुलालाही त्याची सवय होते. आई किंवा बाबा अमुक वेळी लिहितात, ही गोष्ट त्याला वेगळी वाटत नाही, आणि उद्या त्याला स्वतःला काही करावंसं वाटलं, तर त्यासाठी वेळ मागताना ते कचरणार नाही.

तेव्हा आज बाळ झोपलं की दोघं समोरासमोर बसा. वार कोणता, वेळ कोणती, बाळ कुणाकडे, आणि दुसऱ्याचा वेळ कधी, एवढं कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर भांडू नका, बुडालेला तास पुढच्या आठवड्यात भरून द्या. एवढं केलंत तर बाळाचं काही कमी होणार नाही, आणि तिसऱ्या प्रकरणाशी अडलेली कादंबरी पुढे सरकेल.