डाळ मिल टाकताय? तुरीआधी संमती घ्या

नुसती मशीन बसवून मिल चालू करता येत नाही. १९८१ च्या हवा कायद्यानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन संमती लागतात: शेड बांधण्याआधी उभारणीची, मिल सुरू करण्याआधी चालवण्याची. दुसरीच बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही!

आधी मंडळाच्या यादीत आपला गट बघा. पांढऱ्या गटाला संमती लागत नाही. निर्णयाला कायद्यात ४ महिन्यांची मुदत आहे. म्हणून जानेवारीच्या तुरीसाठी अर्ज ऑगस्टअखेर टाका. अर्ज ऑनलाइन. फी गुंतवणुकीवर ठरते, सीएचा दाखला काढून ठेवा. भुशाची धूळ कशी अडवणार तेही लिहायचं. जनरेटर १०० केव्हीएचा असेल तर त्याची चिमणी इमारतीपेक्षा २ मीटर उंच हवी. कागद तपासायचे असतील तर फोटो इथंच पाठवा.