क्लच का घसरतो?

बैलगाडी कशी चालते ते आपणांस ठाऊक आहे. बैल ओढतो, जू ती ओढ गाडीला पोचवते. मोटरसायकलीत इंजिन हा बैल, मागचे चाक ही गाडी आणि मधले जू म्हणजे क्लच. डाव्या हाताने क्लच दाबला की जू उचलले जाते. इंजिन फिरत राहते, पण चाकाला ओढ नसते. हात सोडला की बैल पुन्हा जुंपला!

क्लचमध्ये गोल चकत्या असतात. त्यांना प्लेटा म्हणतात. एक अस्तराची, एक पोलादी, अशा त्या एकाआड एक बसतात. स्प्रिंगा त्यांना आवळून धरतात. अस्तर झिजले की पकड जाते. मग चढावर इंजिन ओरडते, वेग मात्र वाढत नाही.

आमचा पुतण्या दुधाच्या किटल्या घेऊन रोज डेअरीवर जातो. त्याची १०० सीसीची गाडी खिंडीत अशीच ओरडू लागली. उशीर झाला की दूध परत येई. आम्ही दोघांनी घरीच प्लेटा बदलल्या. गाडी तशीच! मग कळले, क्लचची वायर फार ताणलेली होती. ती प्लेटांना पुरते आवळूच देत नव्हती. काढलेल्या प्लेटा मापात भरल्या. त्या अजून आमच्या फडताळात आहेत. मुलांना जन्मभर ‘आधी गणित नीट वाचा’ असे सांगणारे आम्हीच ना!

म्हणून आधी वायर पाहा. क्लचच्या दांडीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढील हवी, म्हणजे साधारण एक बोट. ढील ठीक असून क्लच घसरतो, तरच झाकण उघडा.

इंजिन थंड होऊ द्या. खाली घमेले ठेवून ऑईल काढा. बहुतेक १०० सीसीच्या गाड्यांत क्लच उजवीकडे असतो. किक काढा, मग झाकणाचे बोल्ट. हे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवावा. मधला नट काढायला काही गाड्यांत खास पाना लागतो. तो मागून आणा, छिन्नी मारू नका. प्लेटा कोणत्या क्रमाने निघाल्या ते लिहून ठेवा. आता लिहिता येते ना!

पोलादी प्लेट निळी पडली किंवा वाकली असेल तर तीही बदला. वाकली का, ते काचेवर ठेवून कळते. नव्या अस्तराच्या प्लेटा कोरड्या बसवू नयेत. रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवाव्या. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. झाकणाचे पॅकिंग नवे घाला.

ऑईल मोटरसायकलीचेच भरा. क्लच त्याच ऑईलमध्ये फिरतो. मोटारीच्या काही ऑईलने तो घसरतो. शेवटी वायरची ढील पुन्हा बोटाने मोजा, आणि पहिली फेरी किटल्यांशिवाय करा.