चर्चामंडळातील वाद आणि विनोद

बियाणे, खते, पाणी आणि रोगनियंत्रण यांविषयी शेतीपत्रिकांतून पुष्कळ लिहिले जाते. परंतु ही माहिती ज्या ठिकाणी शेतकऱ्यांच्या तोंडून पारखली जाते, त्या गावच्या बैठकीविषयी फारसे लिहिले जात नाही. वास्तविक एखादी सुधारणा गावात रुजेल की नाही, हे बरेचसे त्या बैठकीतच ठरते. म्हणून या पाठात शेतकरी मंडळाच्या चर्चेचा विचार करावयाचा आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन व त्याच्या शेजारचे दिवेआगर ही गावे उदाहरणादाखल घेऊ. या किनाऱ्यावर पोफळी व माड यांच्या वाड्या आहेत, तसेच भातशेती व आंब्याच्या बागा आहेत. शेतीशाळा असो, गटाची बैठक असो, की सायंकाळी ओट्यावर सहज जमलेली मंडळी असोत, चार बागाईतदार एकत्र आले म्हणजे दोन गोष्टी हटकून घडतात. एक वाद आणि दुसरी थट्टा. या दोन्ही गोष्टी बंद पाडाव्यात असे काही उत्साही कार्यकर्त्यांस वाटते. परंतु तसे करणे इष्ट नाही. वाद नसेल तर माहितीची पारख होत नाही आणि थट्टा नसेल तर माणसे पुन्हा येत नाहीत. दोहोंना वळण लावणे एवढेच आपले काम आहे.

पुणे येथील प्रयोगाचा धडा

चर्चेचा शेतीस खरोखर उपयोग होतो काय, या प्रश्नाची पद्धतशीर तपासणी महाराष्ट्रातच झालेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी रेडिओ चर्चामंडळांचा प्रयोग केला. पुणे, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा आणि तेव्हाचा अहमदनगर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, असे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळास एक अध्यक्ष व एक निमंत्रक असे. कार्यक्रम ऐकल्यानंतर सभासद त्यावर चर्चा करीत आणि निमंत्रक त्यांचे प्रश्न केंद्राकडे पाठवीत असे. ही कल्पना कॅनडातील शेतकरी रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती. तेथे १९४१ पासून वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे चार पायऱ्यांचे सूत्र रूढ झाले होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली व पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने ती पार पाडली. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे दिसून आले; इतर गावांत ही भर अगदी अल्प होती. जेथे रेडिओ होता पण चर्चामंडळ नव्हते, तेथेही ऐकलेले फारसे टिकले नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्ञान कानांवर पडणे ही पहिली पायरी आहे. ते एकमेकांशी बोलून, शंका काढून आणि प्रसंगी भांडूनही पक्के करावे लागते.

एकाचे मौन, सर्वांची हानी

बैठकीत एखादा शेतकरी गप्प बसला तर नुकसान त्याचे एकट्याचे होते, असा समज आहे. पोफळीवरील कोळेरोगाचे उदाहरण घेतले म्हणजे हा समज किती चुकीचा आहे ते कळेल.

पावसाची झड लागली की या बुरशीजन्य रोगाने हिरव्या सुपारीच्या देठाकडील भागावर पाणी शोषल्यासारखे गर्द डाग पडतात आणि फळे गळू लागतात. गळलेल्या फळांवर पांढरी बुरशी वाढते. वारा व पाऊस यांच्या योगे रोग एका वाडीतून दुसरीत जातो. गडगा त्यास अडवीत नाही. समजा, एका लहान बागाईतदाराने बैठकीत विचारले, ‘‘माझ्या चार झाडांखाली हिरवी फळे पडली आहेत, हे काय असावे?’’ आणि कोणी उत्तर दिले, ‘‘माकडाने पाडली असतील, किंवा तुम्हीच झोपेत पाडली असतील!’’ सर्व हसले आणि प्रश्न तेथेच बुडाला. तो मनुष्य पुन्हा विचारावयास येणार नाही. पंधरा दिवसांनी शेजारच्या वाड्यांतून फळे गळू लागतील, तेव्हा पहिली सूचना आपणच हसण्यावारी नेली होती हे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही.

म्हणून मंडळाचा पहिला नियम असा असावा की, प्रश्न विचारणाऱ्यास प्रथम उत्तर मिळावे आणि विनोद त्यानंतर व्हावा.

वादाचे तीन प्रकार

सर्व वाद एकाच उपायाने मिटत नाहीत. अध्यक्षाने वाद कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावे.

पहिला प्रकार वस्तुस्थितीच्या वादाचा. कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडाशी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात व दुसरी फवारणी सुमारे ४० ते ४५ दिवसांनी उघडीप पाहून करतात. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना प्रत्येकी ५० लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून, दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून हे मिश्रण तयार होते. आता एक म्हणतो चुना कमी पडला, दुसरा म्हणतो बरोबर आहे. येथे कोणाचे वय किती, कोणाची वाडी मोठी, याचा काही संबंध नाही. घासून लख्ख केलेले लोखंडी पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. आणखी निवळी घालावी. न चढल्यास मिश्रण योग्य आहे. निवाडा पात्याने केला, म्हणून हरणाऱ्यासही कमीपणा वाटत नाही. असे ‘पाते’ प्रत्येक वस्तुस्थितीच्या वादात शोधावे. भाताच्या दोन जातींविषयी मतभेद असेल तर एकाच शेतात शेजारी-शेजारी दोन वाफे लावावेत आणि कापणीच्या वेळी सर्वांसमक्ष वजन करावे.

दुसरा प्रकार हितसंबंधाच्या वादाचा. खाडीकाठच्या खारजमिनीत बंधाऱ्यास खांड पडली की उधाणाचे खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते. परंतु दुरुस्तीसाठी कोणी किती गडी द्यावेत यावर एकमत होत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि पोफळी व माड यांच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या वेळी नुकसानभरपाई हेक्टरी हिशेबाने असावी की झाडागणिक, हा प्रश्न पुढे आला. काही गुंठ्यांच्या दाट, मिश्र वाडीचा मालक आणि मोठ्या क्षेत्राचा मालक यांचे हित येथे एक नव्हते. नवी पोफळ फळावर येण्यास पाच-सहा वर्षे तरी लागतात, हे जाणणाऱ्यास त्या वादातील तळमळ समजेल. अशा वादात पाते उपयोगी पडत नाही. प्रत्येक बाजूचे म्हणणे पूर्ण ऐकावे, ते लिहून वाचून दाखवावे आणि मगच तडजोडीकडे वळावे. आपले म्हणणे बरोबर लिहिले गेले एवढ्यानेही माणसाचा अर्धा राग शमतो.

तिसरा प्रकार मानाच्या वादाचा. मला आधी का विचारले नाही, माझे बोलणे मध्येच का तोडले, अशी याची सुरुवात असते. वरवर हा खताचा किंवा पाण्याचा वाद दिसतो, म्हणून अध्यक्ष खताविषयीच बोलत राहतो आणि भांडण वाढत जाते. असा वाद भरसभेत सोडवू नये. बैठक संपल्यावर त्या गृहस्थाच्या घरी जावे, चार शब्द ऐकून घ्यावेत आणि पुढील बैठकीत त्याच्या अनुभवाचा एखादा विषय त्याच्याकडे सोपवावा.

कोणता विनोद तारक, कोणता मारक?

कोकणी माणसाच्या बोलण्यात थट्टा मुरलेली आहे. तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. खालील दोन उद्गार ताडून पाहावेत.

‘‘नाना, तुमच्या वाडीत पाणी इतके तुंबते की पोफळीखाली कोळंबी धरता येईल!’’ यावर नाना म्हणतात, ‘‘धर की बाबा, पण पहिली टोपली माझ्या घरी पाठव!’’ सर्व हसतात, नानाही हसतात आणि पाण्याचा निचरा केला पाहिजे हा मुद्दा कोणी उपदेश न करता पोहोचतो.

आता दुसरा उद्गार पाहा. मुंबईतील नोकरी सोडून वडिलांची वाडी सांभाळावयास आलेल्या तरुणास कोणी म्हणतो, ‘‘अरे चाकरमान्या, तुला माड आणि पोफळ यांतला फरक तरी कळतो का?’’ हशा येथेही होतो. परंतु पहिला विनोद तुंबलेल्या पाण्यावर होता आणि नानांस उत्तर देण्यास जागा होती. दुसऱ्याने त्या तरुणाचा बोलण्याचा हक्कच काढून घेतला. बैठकीस येणाऱ्या भगिनींच्या प्रश्नांवर होणारी थट्टाही पुष्कळदा याच जातीची असते. वाडीतील कितीतरी कामे त्यांच्या हातची असतात. म्हणून पिकातील बदल प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडण्याचा संभव असतो.

यावरून साधी कसोटी ठरविता येते. ज्याची थट्टा झाली तो हसला काय, त्यास उलट टोला देता आला काय आणि मूळ विषय पुढे सरकला काय, हे तीन प्रश्न अध्यक्षाने मनाशी विचारावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर विनोद चालू द्यावा. जात, धर्म, घरची गरिबी व शरीराचे व्यंग यांवरील थट्टा मात्र पहिल्या शब्दालाच थांबवावी. तेथे कसोटी लावीत बसू नये.

अध्यक्षाविरुद्ध तक्रार

कोणास थांबविले की आज ना उद्या अध्यक्षाविरुद्धच तक्रार येते. ‘‘यांना आपल्या भावकीचे बोलणे चालते, आमचे चालत नाही,’’ असे कोणी म्हणतो. मंडळे मोडतात ती बहुधा या ठिकाणी. यासाठी पुढील व्यवस्था आरंभीच करून ठेवावी.

१. नियम थोडे असावेत व पहिल्याच बैठकीत सर्वांच्या संमतीने ठरवावेत. भांडण सुरू झाल्यावर केलेला नियम कोणासही न्याय्य वाटत नाही.

२. कोणासही थांबविताना कारण एका वाक्यात सांगावे. ‘‘भाऊ, आपण विषयावर बोला, माणसावर नको,’’ एवढे पुरे. आवाज चढवू नये आणि मागील उणीदुणी काढू नयेत.

३. जो नियम धाकट्यास तोच वडीलधाऱ्यास लावावा. वडीलधाऱ्यांशी बोलताना शब्द आदराचे असावेत. नियम मात्र सैल करू नये.

४. ज्या प्रश्नात अध्यक्षाचे स्वतःचे हित गुंतले असेल, तेवढ्यापुरती त्याने जागा दुसऱ्याकडे द्यावी.

५. अध्यक्षाच्या निर्णयावरील तक्रार ऐकण्यासाठी दोन सभासद आधीच नेमलेले असावेत. त्यांनी निर्णय फिरविल्यास अध्यक्षाने तो मोकळ्या मनाने मान्य करावा. त्यायोगे त्याची प्रतिष्ठा वाढते.

६. एखाद्यास बैठकीतून दूर ठेवण्याची वेळ आलीच तर ती मुदत ठरावीक व थोडी असावी आणि मुदत संपताच निमंत्रकाने स्वतः जाऊन त्यास बोलावणे करावे. शेजारच्या वाडीवाल्यास कायमचे दूर लोटता येत नाही. त्याच्या वाडीतला रोग आपल्याकडे येणारच.

७. अध्यक्षपद दर वर्षी फिरते ठेवावे. खुर्चीत बसून पाहिलेला मनुष्य पुढे सभासद म्हणून अधिक समजुतीने वागतो.

कार्यकर्त्याची भूमिका

गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः अध्यक्ष होऊ नये. शासनाचा मनुष्य खुर्चीत बसला की सभासद एकमेकांशी बोलण्याऐवजी त्याच्याकडे पाहून बोलतात. त्याने निमंत्रकाशेजारी बसावे, प्रश्न टिपून घ्यावेत आणि आपणास उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगून ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून किंवा श्रीवर्धन येथील सुपारी संशोधन केंद्राकडून आणावे. पुढील बैठकीचा प्रारंभ मागील बैठकीतील प्रश्नांच्या उत्तरांनी करावा. प्रश्न हरवत नाही अशी खात्री पटली की माणसे आवाज चढवीत नाहीत.

बैठकीत किती लोक आले, एवढ्यावर मंडळाची परीक्षा करू नये. मागील वेळी ज्याचा वाद झाला होता तो या वेळी आला काय, हे पाहावे. तो आला असेल, आणि त्याने येताच कोणाची तरी निरुपद्रवी थट्टा केली असेल, तर मंडळाची प्रकृती उत्तम आहे असे खुशाल समजावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळात गेल्या वर्षी झालेल्या वादांपैकी कोणते वस्तुस्थितीचे, कोणते हिताचे व कोणते मानाचे होते?

२. त्यांपैकी कोणता वाद प्रत्यक्ष शेतावर तपासून मिटविता आला असता?

३. पूर्वी नियमितपणे येणारा पण आता न येणारा सभासद कोण आहे? त्यास बोलावण्यास कोणी जावे?