दात दुखायच्या आधी

लेकीचा पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेते म्हटलं. घरात सगळ्यांनी एकच विचारलं, "का, काय झालं तिच्या दातांना?" काहीच झालं नव्हतं, म्हणून तर न्यायचं होतं. आता ती पहिलीत आहे आणि दवाखान्यातल्या त्या मोठ्या खुर्चीवर आपली आपण चढून बसते. मधल्या वर्षांत जे उमगलं, ते नव्या आईबाबांसाठी लिहिते आहे.

१. दुखत नसताना न्या. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवावं, असं बालदंततज्ज्ञ सांगतात. ठणकणारी दाढ घेऊन जे मूल पहिल्यांदा जातं, त्याची दवाखान्याशी ओळखच सुईने होते. पुढे तो वास आणि ते मशिन नुसतं आठवलं तरी ते रडतं. आमच्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी दात पाहिले, मोजले, माझ्याशी बोलल्या आणि आम्ही घरी आलो. एवढंच व्हायला हवं.

२. "दुधाचे दात, पडणारच आहेत" हे तुम्हाला ऐकवलं जाणार. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तितकी वर्षं मुलाने पोळी, काकडी, शेंगदाणे त्यांनीच चावायचे असतात. कीड लागून एखादी दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. मुळाशी पू झाला तर त्या खालच्या दातालाही इजा होऊ शकते. यावरून मी घरी वाद घातला नाही. पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे दाखवला, दुधाच्या दाढांखाली दडलेले कायमचे दात दिसत होते. तेव्हापासून रात्रीच्या ब्रशची आठवण त्याच करतात.

३. "भात संपव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." हे वाक्य घरातून हद्दपार करा. शेजारच्या काकू आणि मोठी भावंडंही त्यात आली. "अजिबात दुखणार नाही हं" असंही म्हणू नका. दुखण्याचा विचार मुलाच्या मनात नसतो, तो आपणच पेरतो. "डॉक्टरमावशी तुझे दात मोजणार आहेत" एवढं पुरे.

४. लहान बाळाला खुर्चीवर एकटं झोपवत नाहीत, हे मला आधी माहीत नव्हतं. डॉक्टर आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकवून बसलो. लेक माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडे, तिचे पाय माझ्या कमरेभोवती. मग तिला हळूच मागे झोपवून तिचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं. तिचे हात माझ्या हातात होते आणि माझा चेहरा तिला सतत दिसत होता. ती रडली. रडू द्यावं. रडताना तोंड पूर्ण उघडतं आणि एका मिनिटात तपासणी आटोपते. मूल रडलं म्हणून उठून निघून येणारे आईबाप मी पाहिले आहेत, त्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मूल थोडं मोठं झालं की पद्धत बदलते. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. आमच्या डॉक्टरांनी हवेची फुंकर आधी लेकीच्या नखावर मारली, मग बाहुलीच्या दातांवर, आणि शेवटी तिच्या. यात घाई करणारा डॉक्टर असेल तर सरळ दुसरा शोधा.

५. सकाळची वेळ घ्या. झोप झालेली असावी, पण खाणं नुकतंच झालेलं नसावं, उलटी होते.

६. वरचा ओठ उचलून पाहायला शिका. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. त्या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि खाण्यातले बदल यांनी ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला की काम वाढतं. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. खालच्या दातांवर जीभ येते, म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. चहात बुडवलेलं बिस्किट आणि खोकल्याचं गोड सिरप यांनंतरही पाणी प्यायला द्या.

७. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यावा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे राहत असाल तर कोणती पेस्ट वापरायची ते डॉक्टरांना विचारा.

८. खर्चाची धास्ती असेल तर मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुलांसाठी तिथे वेगळा विभाग असतो. वेळ जास्त लागतो, तेव्हा डबा आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन जा.

९. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे कळतच नाही, आणि कळलं तरी अनेकांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्या वरच्या खोल खाचांत अन्न अडकतं. लेकीच्या त्या दाढांच्या खाचा डॉक्टरांनी सीलंट लावून बुजवल्या, सुई नाही की ड्रिल नाही. तुमचं मूल सहाचं होत आलं असेल तर आज रात्री ब्रश करताना टॉर्च लावून शेवटच्या दाढेच्या मागे बघा.