कळसूबाईचे नाव

चाकणकडच्या लोकांना भामचंद्राचा डोंगर ठाऊक आहे. देहूकडच्या लोकांना भंडारा डोंगर ठाऊक आहे. या डोंगरांवर तुकोबा चिंतनाला बसत. पण आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते, सांगा पाहू?

ते शिखर कळसूबाईचे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तेथे, नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर, हे शिखर उभे आहे. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. बारी गावातून वर जायची वाट आहे. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते.

एवढ्या उंच शिखराला नाव कोणाचे? राजाचे नाही, सरदाराचेही नाही. एका कोळ्याच्या पोरीचे!

तिची गोष्ट लोक अशी सांगतात. कळसू नावाची मुलगी होती. तिला रानात हिंडायची आवड. डोंगराच्या पायथ्याला एका घरी ती कामाला राहिली. तिने आधीच सांगितले, "मी भांडी घासणार नाही, केर काढणार नाही." घरच्यांनी कबूल केले. पण एक दिवस कोणीतरी तिला तीच कामे सांगितली. कळसूने ती मुकाट्याने केली. मग ती डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही. शब्द मोडला तिथे ती राहिली नाही. जिथे तिने भांडी घासली, त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

आता जगातले सर्वांत उंच शिखर घ्या. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत आले. इंग्रजांनी १८६५ साली त्याला एव्हरेस्ट हे नाव दिले. एव्हरेस्टसाहेब मोजणी खात्याचे मोठे अधिकारी होते. हे नाव इथल्या लोकांना नीट उच्चारता येणार नाही, असे त्यांनी स्वतःच म्हटले होते. तरी तेच नाव नकाशावर छापले गेले. ज्याच्या हाती लेखणी, त्याचे नाव कागदावर!

कळसूचे नाव मात्र लोकांनी तोंडी जपले. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनीच ते जपले.

आपल्या भागात कारखाने आले. कितीतरी शेतांना आता नुसता प्लॉट नंबर उरला आहे. ओढा, टेकडी, माळ यांची जुनी नावे म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहेत. ती माणसे गेली, की नावेही जातील.

आता लेखणी तुमच्याही हाती आली आहे. आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावच्या डोंगराचे, ओढ्याचे आणि एका शेताचे जुने नाव वहीत लिहा. ते नाव कसे पडले, तेही एका ओळीत लिहा.