कटर आणि व्हॅक्यूम एकाच बोर्डावर? – पाचवीच्या भागाकारातून वीजसुरक्षा



मे महिन्याची सुट्टी लागली की माहीममध्ये घराघरांत कामं निघतात. कुठे लादी बदलायची असते, तर कुठे सुतार घरातच कपाट करायला बसलेला असतो. हल्ली कटरबरोबर धूळ ओढणारं व्हॅक्यूमही येतं. हे चांगलंच आहे, कारण लादी कापताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांना घातक असते. पण दोन्ही यंत्रं एकाच बोर्डाला जोडली तर काय होतं, हे मुलांना समजलं पाहिजे. 'अतिभार' हा शब्द दहावीच्या विज्ञानात येतो खरा, पण त्यामागचं गणित पाचवीच्या मुलालाही जमतं.

आधी तीन शब्द

वॅट म्हणजे यंत्र किती वीजशक्ती वापरतं ते. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारी धारा. माहीमपर्यंत वीज बेस्टची आणि खाडीपलीकडे वांद्र्याला दुसऱ्या कंपनीची, पण घरातला दाब दोन्हीकडे साधारण २३० व्होल्टच. म्हणून सूत्र सोपं:

अँपिअर = वॅट ÷ २३०

फळ्यावर सोडवायचं उदाहरण

समजा, कटर १२५० वॅटचा आणि व्हॅक्यूम १४०० वॅटचं आहे.

कटर : १२५० ÷ २३० = सुमारे ५.४ अँपिअर
व्हॅक्यूम : १४०० ÷ २३० = सुमारे ६.१ अँपिअर
दोन्ही मिळून : सुमारे ११.५ अँपिअर

घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं आणि मोठं १६ अँपिअरचं. एकटा कटर लहान सॉकेटवर कसाबसा चालेल. व्हॅक्यूम एकटंच मर्यादा ओलांडतं. दोन्ही यंत्रं एक्स्टेन्शन बोर्डावरून त्याच सॉकेटला लावली, तर जवळजवळ दुप्पट धारा जाते. धारा दुप्पट झाली की तारेतली उष्णता चौपट होते. प्लग गरम लागतो, प्लास्टिकचा वास येतो, सॉकेट काळं पडतं.

"पण एमसीबी आहे ना?"

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. एमसीबी भिंतीतल्या तारेची राखण करते. त्या बोर्डाची एमसीबी १६ अँपिअरची असेल, तर ११.५ अँपिअर तिच्या दृष्टीने ठीकच. ती पडणार नाही आणि इकडे ६ अँपिअरचं सॉकेट तापत राहील.

उलट एमसीबी वारंवार पडत असेल, तर "मोठी बसवून टाका" असं कोणीतरी सुचवतं. जुन्या इमारतींमध्ये चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळतात, तोही तोच प्रकार. तार जुनीच राहते, फक्त तिचा राखणदार झोपी जातो. आणि जुन्या, लाकडी जिन्याच्या इमारतीत एका खोलीतली आग एका खोलीपुरती राहत नाही.

मग काम कसं करायचं?

१. दोन्ही यंत्रांवरच्या पट्टीवरचे वॅट वाचा, बेरीज करा, २३० ने भागा.
२. योग्य जाडीची तार असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट वापरा. त्यावर १६ × २३० = ३६८० वॅटपर्यंत मर्यादा आहे. आपले २६५० वॅट त्यात बसतात. त्याच लाइनवर २००० वॅटचा गीझर सुरू केला, तर ४६५० होतात. म्हणून गीझर बंद.
३. दोन वेगळी सॉकेट म्हणजे दोन वेगळ्या लाइन असं नाही. एक एमसीबी खाली केल्यावर काय काय बंद होतं, ते मोठ्या माणसाने तपासावं.
४. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त धारा खेचते. आधी व्हॅक्यूम, थोड्या वेळाने कटर.
५. काही व्हॅक्यूमवर कटर जोडायचं सॉकेट असतं. सोयीचं आहे, पण दोघांची धारा व्हॅक्यूमच्या एकाच प्लगमधून जाते, हे विसरू नका.
६. एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळलेल्या वायरची उष्णता आत कोंडते.
७. पाणी मारून लादी कापायची असेल, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या.

गृहपाठ

मुलांनी घरातल्या पाच उपकरणांचे वॅट वहीत लिहावेत आणि प्रत्येकाचे अँपिअर काढावेत. उपकरण आधी बंद, प्लग काढलेला आणि पालक शेजारी हवेत. सॉकेट कोणीही उघडायचं नाही. वीजबिलावरचा मंजूर भारही शोधायला सांगा. तो किलोवॅटमध्ये असतो, म्हणजे १००० ने गुणायचा सराव आपोआप होतो.

विचारासाठी प्रश्न : इस्त्री १००० वॅटची आहे. ती वरच्या कटरबरोबर ६ अँपिअरच्या एकाच सॉकेटवर चालेल का? कारण लिहा.

पालकहो, घरी काम काढलं असेल, तर हा भागाकार कारागीर यायच्या आदल्या दिवशी मुलाकडूनच करून घ्या.